झुरळ: त्याची राहणी व त्याचा बंदोबस्त

झुरळ न पाहिलेला मनुष्य सोलापूर शहरात किंवा जिल्ह्यातील खेड्यांत शोधूनही सापडावयाचा नाही. तथापि ते दिसताच चप्पल उगारणे याखेरीज त्याचा आणखी काही विचार करावा, असे फारच थोड्यांच्या मनात येते. नकोशी गोष्ट अंगावेगळी करणे यास आपल्या भाषेत झुरळासारखे झटकून टाकणे असे म्हणतात. त्यावरूनच या प्राण्याविषयी लोकांची वृत्ती काय आहे हे दिसते. परंतु झटकलेले झुरळ मरत नाही. ते भिंतीच्या फटीत जाते आणि रात्री परत येते. ते कोठे जाते, काय खाते, अंडी केव्हा व कोठे घालते, हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्याचा बंदोबस्त अल्प खर्चात करिता येतो. ज्यास ठाऊक नाही तो विष आणतो. आम्ही घरोघरी जातो तेव्हा जे दृष्टीस पडते त्यावरून आम्हास असे वाटते की, पुष्कळ घरांत झुरळापेक्षा त्याच्यासाठी आणून ठेवलेल्या विषाचेच भय अधिक आहे. यास्तव आधी या प्राण्याची नीट ओळख करून घेऊ व मग उपायांकडे वळू.

आपल्या घरांत मुख्यत्वेकरून दोन जाती दिसतात. पहिली मोठी, तांबूस-तपकिरी, साडेतीन ते चार सेंटिमीटर लांबीची; डोक्यामागील ढालीसारख्या भागास फिकट पिवळी कड असलेली. ही गटार, मोरी, शौचालयाचा खड्डा, जुन्या भिंतीतील ओलसर भेगा अशा ठिकाणी राहते व रात्री तेथून घरात येते. दुसरी लहान, फिकट गव्हाळ रंगाची, फार तर दीड सेंटिमीटर लांब. हिच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असतात. हिला गटारापेक्षा स्वयंपाकघराची ऊब प्रिय. गॅसच्या शेगडीखाली, मांडणीच्या सांध्यांत, फ्रिजच्या यंत्रामागे हिचे बिऱ्हाड असते, आणि एका घरातून दुसऱ्या घरात ती बहुधा खोक्यांतून, किराणा मालाबरोबर किंवा जुन्या सामानातून जाते. आपल्या घरी कोणती जात आहे हे प्रथम पाहून घ्यावे, कारण दोहींचा उपाय सर्वस्वी एक नाही.

शास्त्रात पहिलीचे नाव अमेरिकन व दुसरीचे जर्मन असे आहे, आणि दोन्ही नावे दिशाभूल करणारी आहेत. स्वीडन देशाचा पंडित लिनीअस याने मोठ्या झुरळास १७५८ साली व लहानास १७६७ साली ही नावे दिली. मोठे झुरळ मूळचे आफ्रिका खंडातील. जहाजांच्या तळातून माल व गुलाम यांच्याबरोबर ते समुद्रापलीकडे गेले. लहान झुरळास रशियातील लोक प्रशियन म्हणत, आणि जर्मनीच्या काही भागांत त्यालाच रशियन म्हणत. म्हणजे घाण शेजारच्या घरून आली असे म्हणावयाची खोड केवळ आपल्याच वाड्यांत आहे असे नाही. अखेर २०२४ साली शास्त्रज्ञांनी १७ देशांतील २८१ झुरळांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून निर्णय दिला की, ही जात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी बंगालच्या उपसागराच्या आसपास, हिंदुस्थानात किंवा ब्रह्मदेशात, उघड्यावर राहणाऱ्या एका आशियाई झुरळापासून निपजली. पिके व वस्ती यांच्या आश्रयाने ती माणसाला चिकटली, सुमारे १,२०० वर्षांपूर्वी पश्चिमेकडे सरकली आणि पुढे युरोपी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून सगळ्या जगभर झाली. तेव्हा जर्मन म्हणविले जाणारे हे झुरळ आपल्याच बाजूचे, असे कबूल करणे भाग आहे.

कुळ मात्र याहून पुष्कळ जुने. झुरळासारख्या किड्यांचे ठसे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. ज्या काळ्या पाषाणावर सोलापूर वसले आहे व ज्याची माती होऊन आपली ज्वारी पिकते, तो पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचा तापलेला रस जमिनीतून उसळला तेव्हा झुरळाचे पूर्वज या पृथ्वीवर कधीचेच नांदत होते. आज जगात झुरळांच्या सुमारे साडेचार हजार जाती आहेत. त्यांपैकी माणसाच्या घरात शिरणाऱ्या तीसेक. बाकीच्या रानावनांत पालापाचोळा व कुजके लाकूड खाऊन त्याची माती करितात व कोणास उपद्रव देत नाहीत.

ज्यांना शाळेत मुलांपुढे हा पाठ घ्यावयाचा असेल त्यांनी एक मोठे झुरळ काचेच्या बरणीत धरून तोंडास पातळ कापड बांधावे. थंडीच्या दिवसांत सकाळी ते सुस्त असते, तेव्हा पकडणे सोपे जाते. प्रथम मुलांना त्याच्या मिशा पाहू द्याव्या. त्या अंगापेक्षा लांब असतात व क्षणभरही स्वस्थ राहत नाहीत. वास, स्पर्श, ओल हे सर्व त्यास मिशांनीच कळते. थोडा वेळ धीर धरल्यास असे दिसेल की, झुरळ पायाने मिशी वाकवून तोंडात घेते व मुळापासून टोकापर्यंत ओढून साफ करिते. मिशीवर मेणकट थर बसला म्हणजे त्याला वास येत नाहीसा होतो, म्हणून हा नित्याचा उद्योग. लोक ज्याला घाणेरडे म्हणतात तो प्राणी स्वतःच्या अंगाविषयी इतका दक्ष असतो, हे पाहून मुलांस आश्चर्य वाटेल.

आता त्याच्या मागील टोकाकडे पहावे. तेथे दोन आखूड काटे दिसतील व त्यांवर फार बारीक केस असतात. कापडातून एक पोकळ काडी आत सारून त्या बाजूवर हलकेच फुंकर घालावी. झुरळ तत्काळ विरुद्ध दिशेस पळेल. हवेची हालचाल त्या केसांना कळते, आणि फुंकर लागल्यापासून पाऊल उचलण्यास त्यास एका सेकंदाचा सुमारे विसावा भाग पुरतो. आपण चप्पल उगारतो तेव्हा चपलेच्या आधी तिचा वारा त्याच्यापर्यंत पोहोचतो. आपला नेम का चुकतो याचे कारण हे आहे. पळण्याचा वेगही थोडा नव्हे. मोठे झुरळ सेकंदास दीड मीटरपर्यंत धावल्याचे मोजले गेले आहे, आणि अत्यंत वेगात असता ते पुढचे पाय उचलून केवळ मागच्या दोन पायांवर धावते.

पोटाच्या दोन्ही कडांस बारीक छिद्रे असतात. छाती व पोट मिळून त्यांच्या दहा जोड्या. झुरळ नाकातोंडाने श्वास घेत नाही, या छिद्रांतून घेते. त्याचे रक्तही आपल्याप्रमाणे तांबडे नसते, कारण प्राणवायू वाहून नेणे हे त्याच्या रक्ताचे कामच नव्हे. हवा नळ्यांतून थेट शरीराच्या प्रत्येक भागास जाते. यामुळेच मुंडके तुटलेले झुरळ कित्येक दिवस जिवंत राहते. काही लोकांना यात भुताटकी दिसते. त्यात भुताटकी काही नाही. त्यास श्वासासाठी डोके लागत नाही इतकेच, आणि अखेर ते पाण्यावाचून मरते. आपल्या राज्याच्या अकरावीच्या जीवशास्त्रात झुरळावर स्वतंत्र पाठ आहे. पूर्वी विद्यार्थी मेणाच्या ताटलीत टाचण्या लावून त्याची चिरफाड करीत. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांतून प्राण्यांची चिरफाड थांबविण्यास सांगितले. आमच्या मते जिवंत झुरळ तासभर पाहिल्याने जे कळते ते चिरफाडीने कळत नाही.

फटीविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. २०१६ साली अमेरिकेतील दोघा संशोधकांनी मोजून दाखविले की, पूर्ण वाढलेले मोठे झुरळ आपले अंग दाबून चपटे करिते व अवघ्या तीन मिलिमीटरांच्या फटीतून पार होते. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेविली म्हणजे साधारण तेवढी जाडी होते. पिल्लांना तर याहूनही कमी जागा पुरते. शिवाय अंगास वरून व खालून काही तरी टेकत असावे अशी या प्राण्याची आवड आहे. म्हणूनच ते मोकळ्या खोलीत न राहता दाराच्या चौकटीमागे, फळीच्या खाली, माळवदाच्या तुळयांतील भेगांत, उतरंडीच्या मडक्यांमध्ये किंवा भिंतीवर टेकलेल्या चित्राच्या मागे बसते. दिवसातील बहुतेक वेळ ते अशा ठिकाणी निश्चल असते. दिवसा उघड्यावर झुरळे दिसू लागली तर आतील जागा भरून गेली आहे असे समजावे.

खाण्याच्या बाबतीत त्याचा विधिनिषेध नाही. धान्य, पीठ, तेलाचा डाग, गूळ, मेलेले किडे, स्वतःची टाकलेली कात, केस, साबण, मळ, विष्ठा, सर्व काही चालते. विशेष प्रीती खळीवर. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघर हातमाग चालत त्या दिवसांत ताण्यास पिठाची खळ देत असत, आणि खळीचे भांडे रात्री उघडे राहिले तर तेथे कोण जमत असेल हे सांगावयास नको. पुस्तकांच्या बांधणीलाही खळच लावलेली असते. मंडळीच्या कपाटातील गीतांच्या पुस्तकांच्या पाठी कुरतडलेल्या दिसतात त्याचे दोष पुष्कळ वेळा उंदरावर जातात. पाठीवर खरवडल्यासारखे उथळ व्रण व बाजूस मिऱ्याच्या भरडीसारखे काळे कण असले तर ते काम झुरळाचे समजावे. आपल्याकडे ज्वारीच्या कडक भाकरी करून कित्येक दिवस ठेवण्याची चाल आहे. फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेविलेल्या त्या भाकरीपेक्षा सुरक्षित व कोरडे अन्न झुरळास कोठे मिळणार? ती झाकणाच्या डब्यात ठेवावी.

इतके निकृष्ट अन्न खाऊन हा प्राणी पुष्ट कसा राहतो? त्याच्या पोटात पेषणी नावाचा भाग आहे; त्यास आतून सहा कठीण दात असतात व तेथे अन्न जात्यात घातल्यासारखे दळले जाते. याहून नवलाची गोष्ट त्याच्या चरबीत आहे. तेथे एक जातीचे सूक्ष्म जंतू राहतात. मळात टाकून देण्याजोगे जे द्रव्य झुरळ चरबीत साठवून ठेविते, त्यापासून हे जंतू मांस बनविण्यास लागणारी द्रव्ये पुन्हा तयार करून देतात. हे जंतू आईकडून अंड्यात व अंड्यातून पिल्लात पिढ्यान् पिढ्या जात आले आहेत. म्हणून केवळ पिठाच्या खळीवरही झुरळाचा निभाव लागतो.

परंतु पाण्यावाचून त्याचे चालत नाही. मोठे झुरळ अन्नावाचून जितके दिवस काढील, तितके पाण्यावाचून काढू शकत नाही. आणि लहान जातीला तर इतकाही धीर नाही. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत उष्णमान ४२ अंशांवर जाते, भिंती कोरड्या पडतात, तेव्हा घरातील सर्व झुरळांची वाट मोरीकडे असते. सोलापूर शहरात कित्येक वर्षे नळास रोज पाणी येत नव्हते, त्यामुळे तीन-चार दिवसांचे पाणी पिंपांत व हौदांत साठविण्याची घरोघर सवय लागली. पिंपाखालची ओल, रांजणाच्या तिवईखालचे थारोळे, रात्री तसेच टाकलेले ओले फडके, हे झुरळाचे पाणवठे होत. आम्हास विचाराल तर झुरळाच्या बंदोबस्तात पहिला पैसा औषधावर न घालविता पिंपाची गळती बंद करण्यावर घालवावा.

आता वाढीचा प्रकार. मोठ्या जातीची मादी अंडी सुटी घालीत नाही. चवळीच्या दाण्याएवढ्या, काळपट तपकिरी, एका कडेस दातेरी शिवण असलेल्या डबीत ती बंद असतात. एका डबीत १४ ते १६. ही डबी ती आपल्या लाळेने फळीच्या खाली, खोक्याच्या कोपऱ्यात, कपाटाच्या पाठीस चिकटवून टाकते. आयुष्यात अशा नऊ-दहा डब्या तरी ती घालते. दीड-दोन महिन्यांनी शिवण उकलते व पिल्ले बाहेर येतात. त्यांस पंख नसतात. बाकी सर्व रूप आईबापांसारखे. फुलपाखराप्रमाणे येथे सुरवंट व कोश नाहीत. पिल्लू सुमारे तेरा वेळा कात टाकून मोठे होते व त्यास सहा महिन्यांपासून वर्षाहूनही अधिक काळ लागतो. कात टाकताच ते काही घटका पांढरे शुभ्र दिसते. पांढरे झुरळ ही निराळी जात, असे जे सांगतात त्यांनी ते तेवढ्यातच पाहिलेले असते. नर न मिळाल्यास या जातीची मादी एकटीही अंडी घालू शकते व त्यांतून माद्याच निपजतात. २०१७ साली जपानी शास्त्रज्ञांनी हे पाहिले की, अशा तीन-चार माद्या एकत्र ठेविल्या तर हे काम अधिक लवकर चालते.

लहान जातीची रीत निराळी. तिची मादी डबी चिकटवीत नाही, पोटाशीच बाहेर धरून फिरते आणि अंडी फुटावयाच्या बेतास आली म्हणजे सोडते. एका डबीत ३० ते ४० अंडी, आणि पिल्लू दोन-तीन महिन्यांत अंडी घालण्याजोगे होते. हिचा उपद्रव इतक्या झपाट्याने वाढतो तो यामुळेच.

पाल, मोठा कोळी, घोण हे झुरळाचे शत्रू सर्वांस ठाऊक आहेत. एक शत्रू कमी लोकांनी पाहिला असेल. हिरव्या-निळ्या चकाकीची एक गांधीलमाशी आपल्या देशात आढळते. ती मोठ्या झुरळास प्रथम छातीत व मग नेमकी मेंदूत नांगी मारते. झुरळ मरत नाही, लुळेही पडत नाही. त्याची स्वतःहून पळण्याची इच्छा तेवढी नाहीशी होते. मग ती त्याची मिशी धरून दावणीच्या बैलाप्रमाणे त्यास आपल्या बिळात नेते व त्याच्या अंगावर अंडे घालते. अळी त्यास जिवंतपणीच खाते. हे वाचून अंगावर काटा येईल, परंतु घराच्या आसपास ही माशी दिसली तर तिला मारू नये. पालीच्या मागेही केरसुणी घेऊन लागू नये. पाल पडली, आता अमुक होणार, या शंकाकुशंका सोडून दिल्या तर ती घरातील बिनपगारी पहारेकरी आहे.

झुरळापासून अपाय कोणता? ते डासाप्रमाणे रक्त शोषून ताप देत नाही, पिसवेप्रमाणे प्लेग आणीत नाही. ते रोगाचा हमाल आहे. शौचालयाच्या खड्ड्यातून निघून त्याच पायांनी ते भाकरीवर चालते. खाता खाता ओकते व हगते. हगवण व अन्नविषबाधा करणारे जंतू त्याच्या पायांवर व पोटात सापडले आहेत. दुसरा अपाय लोकांच्या ध्यानात येत नाही व तो आम्हास अधिक गंभीर वाटतो. झुरळाची विष्ठा, लाळ व कात वाळून त्यांची धूळ होते, आणि ती श्वासाबरोबर आत गेल्याने काही मुलांचा दमा बळावतो. १९९७ साली अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत दमा असलेल्या ४७६ मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील शंभरात सुमारे ३७ मुलांस झुरळाचा पदार्थ सोसत नव्हता. आणि अशा ज्या मुलांच्या निजण्याच्या खोलीत तो पुष्कळ होता, त्यांस इतरांच्या तिपटीहून अधिक वेळा इस्पितळात ठेवावे लागले. एका खोलीत स्वयंपाक, निजणे व मोरी असलेल्या आपल्या घरांस हे अधिकच लागू आहे. ज्या मुलास रात्री धाप लागते त्याच्या आईने झाडपूस कोरड्या केरसुणीने न करिता ओल्या फडक्याने करावी, आणि त्याचे अंथरूण मांडणीपासून दूर घालावे. दम्याचे औषध मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून थांबवू नये.

आता विषाची गोष्ट. आपला जिल्हा डाळिंब, द्राक्षे व ऊस यांचा. फवारणीचे औषध घरोघर असते. शेतात उरलेले औषध पाण्यात कालवून स्वयंपाकघराच्या भिंतींवर मारणे, किंवा ते थंड पेयाच्या बाटलीत ओतून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवणे, हे आम्ही स्वतः अनेक ठिकाणी पाहिले आहे व त्याचा निषेध करावा तितका थोडाच. पिकावरील औषध उन्हावाऱ्यात उडून जावे या हिशेबाने केलेले असते. बंद खोलीत ते भिंतीवर, पिठात, लेकराच्या हातावर राहते. यांतील कित्येक औषधे केवळ कातडीतून व श्वासातूनही अंगात भिनतात. ढेकूण व झुरळे यांसाठी पूर्वी सर्रास वापरीत ते डायक्लोरव्हॉस, ज्यास लोक नुवान या नावाने ओळखतात, ते भारत सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केले आहे. जुनी बाटली कोणाच्या घरी असल्यास ती वापरू नये. बाजारात मिळणारा झुरळांचा खडू शाळेतील खडूसारखाच दिसतो आणि रांगते मूल त्यास प्रथम तोंडात घालते. ज्या घरात लहान मूल आहे तेथे तो आणूच नये. चुकून कोणाच्या पोटात विष गेले तर मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या भरीस न पडता, बाटली किंवा वेष्टन बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

शिवाय विष हे झुरळावर नेहमी चालतेच असे नाही. फवारा डबीतील अंड्यांस लागत नाही. लहान जातीत तर पुष्कळ ठिकाणी नेहमीच्या विषांना दाद न देणाऱ्या पिढ्या तयार झाल्या आहेत. एक उदाहरण मनोरंजक आहे. विष साखरेत कालवून ठेवण्याची रीत पडली तेव्हा, ज्या थोड्या झुरळांस ती साखर आवडत नव्हती तीच तेवढी वाचली व त्यांचीच संतती वाढली. २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखविले की, अशा झुरळांच्या तोंडातील कडू चव ओळखणाऱ्या तंतूंनाच ती साखर लागते. म्हणजे आपल्याला जे गोड ते त्यांना खरोखर कडू.

मग करावे काय? प्रथम चार रात्री अन्न व पाणी तोडावे. खरकटी भांडी रात्री राहू देऊ नयेत. ते शक्य नसेल तर पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवावी. मोरी निजण्यापूर्वी कोरडी पुसावी, तिच्या तोंडास बारीक जाळी बसवावी व वर वजन ठेवावे. भिंतीतील फटी गावाकडे माती, शेण व चुना यांनी, पक्क्या घरात सिमेंटने बुजवाव्या. रद्दी व पुठ्ठ्याची खोकी घरात साठवू नयेत. मांडणी भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून तिची पाठ पहावी, आणि चिकटलेल्या डब्या जुन्या सुरीने खरवडून चुलीत टाकाव्या. हे काम मुलांस फार आवडते. एका डबीमागे पंधरा झुरळे गेली असा हिशेब त्यांस सांगावा.

यानंतर विषाची गरज उरल्यास बोरिक पावडर हा जुना व स्वस्त उपाय आहे. पूर्वी कॅरमच्या पटावर सर्रास टाकीत असत तीच ही. औषधांच्या दुकानात मिळते. एक भाग पावडर, तीन भाग कणीक व थोडा गूळ यांच्या घट्ट गोळ्या करून त्या कोरड्या, अंधाऱ्या फटींत, लहान मुलांचा व कोंबड्या-कुत्र्यांचा हात-तोंड पोहोचणार नाही अशा जागी खोल ठेवाव्या. परिणाम दिसण्यास आठ-पंधरा दिवस लागतात; उतावीळ होऊन पावडर वाढवू नये, कारण जास्त घातली तर झुरळ गोळीस तोंड लावीत नाही. ही पावडर पिठासारखी व मिठासारखी दिसते. ती स्वयंपाकघरात कधीही ठेवू नये, आणि पुडीवर मोठ्या अक्षरांत विष असे लिहून ठेवावे. घरात ज्यास वाचता येत नाही त्यास तोंडी सांगून ठेवावे. लहान जातीसाठी दुकानात मिळणारे जेल अधिक उपयोगी. त्याचे मुगाच्या डाळीएवढे ठिपके फटींच्या तोंडाशी लावावे. ते खाऊन मेलेल्यांची विष्ठा व प्रेते इतर झुरळे खातात व तीही मरतात. मात्र जेल लावले तेथे फवारा मारू नये. फवाऱ्याच्या वासाने झुरळ तिकडे फिरकतच नाही, व दोन्हींचा पैसा वाया जातो.

चाळीत किंवा एका गटारावर दहा घरे असलेल्या गल्लीत एकट्याने केलेला उपाय महिनाभर टिकतो. मोठी झुरळे गटाराने एका मोरीतून दुसऱ्या मोरीत जातात. म्हणून दहाही घरांनी एकच दिवस ठरवावा, गटारावरील फुटक्या फरश्या बदलाव्या, आणि शौचालयाच्या खड्ड्याच्या हवेच्या नळीस जाळी बांधावी. त्या दिवसापासून दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे नजरेतून सुटलेल्या डब्या फुटण्याच्या सुमारास, मांडणी पुन्हा एकदा पुढे ओढून पाठ पहावी. पावसाळ्यात गटारे भरली म्हणजे झुरळे वर येतात, तेव्हा हे पहिले काम मृगापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस झालेले बरे.